काळ्याचा नमुना

पुण्याहून बाटली आणली ती ओल्या चादरीत गुंडाळून.
चादर अर्थात इथलीच, निळ्या मोराची,
हॉस्टेलला गेले तेव्हा आईनं दिलेली.
बाटलीला लेबल नाही. मार्करनं मीच लिहिलंय:
तुकडी सात. स्टाउट. साडेनऊ टक्के.
भाजलेली मालदांडी, मंगळवेढ्याची, शेकडा वीस.

रात्री उघडू म्हटलं तर नान्ना म्हणाले, नको.
बल्बखाली सगळेच काळे सारखे.
काळा बघायचा सकाळी, उत्तरेच्या उजेडात,
ऊन अंगावर यायच्या आत.

म्हणून रविवारी साडेसहाला आम्ही गच्चीवर,
बापलेक, मध्ये एक बाटली.
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलेलं,
सगळी गल्ली टाक्या भरण्यात दंग.
शेजारच्या चिलकाकाकू पाइप धरून बघत राहिल्या
आणि बघत नसल्याचं दाखवत राहिल्या.
आईनं देवघराचं दार ओढून घेतलं,
मग वर येऊन शेंगाची चटणी ठेवून गेली.
बोलली नाही.

मी ओतते. फेस चढतो काहिलीतल्या मळीसारखा,
तांबूस, दाट, कसलीच घाई नसलेला.
मांडीवर फॉर्म: रंग, वास, चव, घोट, शेवट.
प्रत्येकी दहा.

नान्ना ग्लास कलता करून कडेला बघतात,
जिथे काळं पातळ होतं तिथे.
"हा काळा नाही. लाल आहे.
लालावर लाल साचलाय नुसता.
पक्का काळा कडेला निळा मारतो."
खिशातून सुताचं टोक काढतात, वीस नंबरचं, कोरं.
मिल बंद होऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली,
खिशात सूत असतंच.
बुडवतात, पिळतात, कठड्यावर वाळत घालतात.
मी लिहिते: रंग, आठ.
"थांब. वाळू दे आधी."

मग मी नाक घालते ग्लासात.
करपलेल्या भाकरीचा पापुद्रा. चिकोरीची कॉफी.
खाली कुठेतरी भिजलेलं लाकूड,
आणि लसूण. नाही, लसूण चटणीतला.
तुम्हाला काय येतो, नान्ना?

ते ग्लास नाकाशी नेतात, धरून ठेवतात
फार वेळ, बहिऱ्यानं फोन धरावा तसा.
"तूच सांग," म्हणतात. "माझं
सल्फर ब्लॅकच्या हौदावर तिसऱ्या वर्षीच गेलं ते.
आधी सडक्या अंड्यांचा वास यायचा थांबला.
आम्ही खूश, पेढे वाटायचेच बाकी होते.
मग कळलं, बाकीचेही गेले."

कुणाची तरी टाकी भरून वाहते आहे.
मी एकतीस वर्षांची आहे.
एकतीस वर्षं हा माणूस ताटावर बसता बसता
"वास काय सुटलाय" म्हणत आलाय
आणि आई आणखी एक भाकरी टाकत आलीय.

ते घोट घेतात. गालात फिरवतात.
"कडू. पण खरखरीत नाही.
खळ दिलेल्या ताण्यासारखं बसतं जिभेवर.
ज्वारी कळते.
भाजताना मिनिटभर जास्त झालं."
दीड मिनिट झालं होतं.
कारखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं मी.

सव्वासातला सूत वाळलं.
चहा सांडलेल्या धोतराचा रंग.
अंगठा ओला करून त्यांनी घासलं, निम्मा उतरला.
"कच्चा. एक धुणं टिकायचा नाही."
जरा थांबून, "शेड मात्र चांगली."
रंगाचे आठ खोडून मी सात केले.
वासाचा रकाना कोराच होता,
तिथे ते सूत चिकटवलं, भाताच्या शितानं.

उरलेली अर्धी बाटली त्यांनीच संपवली,
ऊन गुडघ्यावर येईपर्यंत, नमुना म्हणून.

खालून शेंगा भाजल्याचा वास वर आला.
मी हळूच म्हटलं, शेंगा.
नान्नांनी मान हलवली,
जिन्याकडे तोंड केलं,
आणि मोठ्यानं म्हणाले,
"वास काय सुटलाय!"